दहा बाटांची घासाघीस

थायलंडमध्ये परदेशी कार्ड घालून एटीएममधून पैसे काढले की तिथली बँक दर खेपेला २२० बाट किंवा त्याहून जास्त शुल्क कापते. पडद्यावर आकडा दिसतो, आपण मान्य असल्याचं बटण दाबतो, नोटा मोजतो आणि खिशात घालतो. त्याच गल्लीत थोडं पुढे एक बाई लोखंडी कढईत तुळशीची पानं, लसूण आणि मिरच्या परतत उभी असते. भातावर खिमा, खिम्यावर काठ कुरकुरीत झालेलं तळलेलं अंडं. किंमत ६० बाट. तिच्यासमोर आलो की आपल्याला काटकसर आठवते. पन्नासला दे ना!

हे वाक्य मी हिंदीत ऐकलंय, मराठीत ऐकलंय, युरोपातल्या पोरांच्या इंग्रजीतही ऐकलंय. बँकेला साडेतीन ताटल्यांचे पैसे मुकाट देणारा माणूस रांधणाऱ्या बाईकडून मात्र दहा बाट सोडवून घेतो. दहा बाट म्हणजे आपले पंचवीस-तीस रुपये. तेवढे वाचवल्याचा आनंद तो रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर चारचौघांना सांगतो आणि बाकीचे त्याचं कौतुक करतात. आजचं सदर या माणसासाठी आहे.

आधी एक गोष्ट साफ करून टाकतो. कमी पैशांत फिरण्याला माझा विरोध नाही. मला ते मनापासून आवडतं, आणि आग्नेय आशिया त्यासाठी देवानं घडवल्यासारखा आहे. बँकॉकहून रात्रीच्या गाडीत बसलात की सकाळी चियांग माई येतं; बर्थ अंथरून देतात आणि हॉटेलची एक रात्र वाचते. हनोई ते सायगाव हा १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग तीस तासांहून अधिक वेळ खातो, पण खिडकीतून अख्खा देश दाखवतो. पेनांगला जायचं तर बटरवर्थला गाडीतून उतरायचं आणि किरकोळ भाड्यात फेरीबोटीनं जॉर्जटाउन गाठायचं. बँकॉकच्या सेन सेप कालव्यातली लाँच वीसएक बाटांत तुम्हाला शहराच्या पोटातून नेते आणि वरचा रस्ता तासभर तुंबलेला असतो. डॉर्ममधली खाट, पाठीवर एक सॅक, दोन शर्ट. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडनं आणि डिसेंबर २०२३ मध्ये मलेशियानं भारतीयांना व्हिसाविना दार उघडलं, तेव्हापासून पुण्या-नाशिकची, कोल्हापूरची पोरं-पोरी टूर कंपनीच्या बसला रामराम करून अशी निघू लागली आहेत. याचा मला आनंदच आहे. खोली स्वस्त घ्या, विमान आडवेळचं घ्या, टॅक्सी टाळा, दारू टाळा, डोंगराएवढं चाला. फक्त ताटलीवर काटकसर करू नका.

कारण या शहरांमधलं रस्त्यावरचं जेवण मुळात स्वस्त नाही. ते आपल्याला स्वस्तात मिळतं, कारण उरलेली किंमत दुसरं कुणीतरी आपल्या अंगावर घेतं.

हनोईतल्या फोच्या वाडग्याचं उदाहरण घ्या. सकाळी सहाला बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून आपण तो गरम रस्सा ओरपतो. त्यासाठी बैलाची हाडं आदल्या रात्रीपासून मंद आचेवर रटरटत असतात. आलं आणि कांदा थेट विस्तवावर काळा होईस्तोवर भाजायचा, चक्रीफूल आणि दालचिनी घालायची, वर येणारा फेस पुन्हा पुन्हा काढत राहायचा, म्हणजे रस्सा नितळ होतो. ही झाली रात्र. पहाटे तांदळाच्या ताज्या शेवया, पाल्याच्या जुड्या, लिंबं, मिरच्या. दहा-साडेदहाला भांडं रिकामं झालं की भांडी घासायची आणि पुन्हा हाडं चढवायची. वाडग्याचे आपल्या पैशांत दीडशे-पावणेदोनशे रुपये होतात. त्या रात्रीच्या जागरणाचा भाव त्यात कुठे बसवलाय, ते शोधून दाखवा.

इंडोनेशियातल्या योग्यकर्त्यात सोस्रोविजायान नावाची गल्ली आहे. मालिओबोरो या मोठ्या रस्त्याला लागून, स्वस्त खोल्यांची, सॅकवाल्यांच्या मुक्कामाची. तिथे म्बाह लिंदू या आजीबाई पहाटे गुदग विकत. गुदग म्हणजे कोवळा फणस नारळाच्या दुधात आणि ताडगुळात तासन्‌तास शिजवलेला, इतका की फोडी तपकिरी होऊन विरघळायला येतात. सोबत भात, अंडं, कोंबडी आणि चुरचुरीत तिखट. या बाईंनी डच राजवटीपासून हे विकायला सुरुवात केली होती. जपानी आले, गेले. देश स्वतंत्र झाला. हुकूमशहा सुहार्तो आले, गेले. त्या आपल्या जागी बसून पानावर गुदग वाढत राहिल्या. नेटफ्लिक्सच्या मालिकेनं २०१९ मध्ये त्यांना जगाला दाखवलं. २०२० च्या जुलैमध्ये वयाच्या शंभरीत त्या गेल्या. ज्या गल्लीत त्या बसत, तिथे किती पिढ्यांच्या प्रवाशांनी त्यांच्या हातचं खाऊन पुढची बस धरली असेल! त्या बाईंशी भावावरून हुज्जत घालणं कुणाला शोभलं असतं?

पण आपण शोभेल तेच करतो असं नाही. या प्रदेशात स्वस्ताईचं स्तोम माजलंय आणि त्याला जगभरच्या वार्ताहरांनी खतपाणी घातलंय. मे २०१६ मध्ये बराक ओबामा आणि टीव्हीवर जगभरचं खाणं दाखवणारा अँथनी बोर्डेन हनोईतल्या एका साध्या खाणावळीत बुन चा खायला बसले. कोळशावर भाजलेलं डुकराचं मांस, आंबटगोड माशाच्या सॉसचा रस, त्यात कच्च्या पपईच्या चकत्या, शेजारी शेवया आणि टोपलीभर पाला. जगाला त्यातलं लक्षात काय राहिलं? बिल सहा डॉलर झालं, आणि ते बोर्डेननं दिलं. ते टेबल खाणावळीनं नंतर काचेच्या पेटीत बंद केलं. त्याच वर्षी सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या चान होन मेंग यांच्या गाळ्याला मिशेलिनचा तारा मिळाला. सोया सॉसमध्ये शिजवलेली कोंबडी आणि भात, किंमत सुमारे दोन सिंगापूर डॉलर. मथळा सगळीकडे एकच: जगातलं सर्वांत स्वस्त ताराप्राप्त जेवण. कोंबडी कशी शिजते, कातडी तशी चकाकते कशामुळे, हे विचारायला फार थोडे थांबले. २०२१ मध्ये तो तारा गेला.

आता उलट बाजू बघा. बँकॉकच्या महाचाय रस्त्यावर जे फाय यांचं उघडं दुकान आहे. सत्तरी ओलांडलेली ही बाई डोळ्यांवर मोठा गॉगल चढवून कोळशाच्या शेगडीवर स्वतः रांधते. पूर्वी शिवणकाम करायची, आगीत ते सगळं गेलं, मग कढई हातात घेतली. बँकॉकच्या पहिल्याच मिशेलिन मार्गदर्शिकेत, डिसेंबर २०१७ मध्ये, तिला तारा मिळाला. तिचं खेकड्याचं ऑम्लेट हजार बाटांच्या पुढे आहे. आत अंडं नावाला आणि खेकड्याचे मोठे मोठे तुकडे ठासून भरलेले. त्यावर प्रवाशांची तक्रार ठरलेली: रस्त्यावरचं आणि एवढं महाग? हाच खेकडा पंचतारांकित हॉटेलात पांढऱ्या बशीत आला असता तर हाच माणूस बिलावर सही करून उठला असता. पदपथाशेजारी बसून रांधणाऱ्या माणसानं उत्तम माल वापरू नये, वापरला तर त्याचा भाव लावू नये, आणि तीस-चाळीस वर्षं हात कमावल्यावरही नवशिक्याच्या दरानं विकावं, अशी ही अपेक्षा आहे. ती अन्यायाची आहे. जे फाय भाव लावते ते मला पसंत आहे. ज्याला परवडत नाही त्यानं दुसरीकडे ६० बाटांत जेवावं, तेही उत्तमच असतं. पण तिला नावं ठेवू नयेत.

आणि काही जण तर घासाघिशीच्याही पलीकडे गेलेत. धडधाकट, पासपोर्टवर श्रीमंत देशाचं नाव असलेले तरुण बँकॉकच्या, क्वालालंपूरच्या, बालीच्या पदपथावर पाटी घेऊन बसतात: जग फिरायला मदत करा. ज्या पदपथावर स्थानिक बाईला चार केळी तळून विकायला परवाना मिळत नाही, तिथे हे बसतात. २०१९ मध्ये बालीच्या अधिकाऱ्यांनी सांगून टाकलं की असे लोक सापडले तर त्यांना त्यांच्या वकिलातीच्या स्वाधीन करू. योग्य केलं.

आता त्या पदपथाकडे वळतो, कारण खरा झगडा तिथे आहे.

२०१७ साली बँकॉक महानगर प्रशासनानं जाहीर केलं की सगळ्या पन्नास विभागांतल्या पदपथांवरून फेरीवाले उठणार. पायी चालणाऱ्यांना रस्ता मोकळा, शहर स्वच्छ. याच सुमाराला सीएनएननं सलग दुसऱ्या वर्षी बँकॉकला रस्त्यावरच्या खाण्यासाठी जगात पहिलं शहर ठरवलं होतं. परदेशातून ओरड झाली. मग प्रशासनानं खुलासा केला: यावरात आणि खाओ सान इथले ठेले राहतील. यावरात म्हणजे चिनी वस्तीचा झगमगता रस्ता. खाओ सान म्हणजे एके काळचा तांदळाचा बाजार, १९८० च्या दशकापासून सॅकवाल्यांची पंढरी. दोन्ही ठिकाणी पर्यटक. म्हणजे पाहुण्याचं ताट वाचलं. पण ऑफिसात खालच्या पगारावर काम करणारी मुलगी दुपारी ज्या ठेल्यावर जेवायची, मोटरसायकल टॅक्सीवाला जिथे पहाटे भाताची पेज प्यायचा, ते रस्ते रिकामे झाले. ठेला गेला की त्या मुलीला मॉलच्या तळघरातल्या फूड कोर्टात जास्त पैसे मोजावे लागतात, नाहीतर सेव्हन-इलेव्हनमधला डबा गरम करून घ्यावा लागतो. बँकॉकचं खाणं प्रवाशांसाठी जन्मलेलं नाही. ते शहरातल्या कष्टकऱ्यांचं स्वयंपाकघर आहे, कारण तिथल्या भाड्याच्या एका खोलीत बऱ्याचदा चुलीला जागाच नसते. आपण तिथे पाहुणे म्हणून बसतो. यजमानाला उठवून पाहुण्यासाठी दोन रस्ते राखणं हा कसला शहाणपणा?

त्याच वर्षी सायगावात, म्हणजे हो ची मिन्ह शहराच्या पहिल्या जिल्ह्यात, डोआन न्गॉक हाय नावाच्या अधिकाऱ्यानं मोहीम काढली. पदपथावर आलेल्या पायऱ्या, पाट्या, छपरं तोडली, गाड्या उचलल्या. हा भाग छोटं सिंगापूर करून दाखवीन, नाहीतर पद सोडीन, असा त्यांचा पण होता. जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी राजीनाम्याचा अर्ज दिला. पदपथ पुन्हा भरले. ते भरणारच होते, कारण दुपारी भूक लागते आणि बाईला घर चालवायचं असतं.

मला या गोष्टीतला सगळ्यात मोठा गैरसमज वाटतो तो सिंगापूरबद्दलचा. सायगावपासून मुंबईपर्यंत ज्याला ज्याला फेरीवाले हटवायचे असतात, तो सिंगापूरचं नाव घेतो. सिंगापूरनं फेरीवाले हटवले हे अर्धंच खरं. १९६८-६९ मध्ये त्यांनी बेटावरच्या फेरीवाल्यांची नोंदणी केली, त्यांना परवाने दिले. मग १९७१ ते १९८६ या काळात, पंधरा वर्षं खपून, छप्पर, नळ, गटार, टेबलं-बाकं असलेली हॉकर सेंटरं बांधली आणि एकेका रस्त्यावरच्या लोकांना तिथे गाळे दिले. आधी मोजलं, मग बांधलं, मग हलवलं. पहिल्या पिढीला नाममात्र भाडं लावलं. मॅक्सवेल, टेक्का, चायनाटाउन कॉम्प्लेक्स ही नावं आज प्रवाशांना पाठ असतात, ती या धोरणातून आली. तिथे गाळ्यावर स्वच्छतेची श्रेणी लावलेली असते, भात-कोंबडी पाच-सहा डॉलरांत मिळते, आणि शेजारच्या टेबलावर मंत्री जेवत असला तरी कुणाला नवल वाटत नाही. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोनं या हॉकर संस्कृतीला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. सिंगापूर करायचं असेल तर हे करा. नुसती गाडी उचलून नेणं कुठल्याही पोलीस चौकीला जमतं.

सिंगापूरचंही सगळं गोड नाही. गाळेवाल्यांचं वय साठीच्या घरात आहे. पहाटे चारला उठून दिवसभर चुलीसमोर उभं राहायचं आणि भाव दोन नाण्यांनी वाढवला की गिऱ्हाईक नाक मुरडणार. मग मुलं इंजिनियर होतात आणि गाळा बंद होतो. नव्या माणसाला जुन्यासारखं नाममात्र भाडं मिळत नाही, निविदा भरावी लागते. जपानी रामेनच्या वाडग्याला वीस डॉलर देणारा माणूस शेजारच्या म्हाताऱ्याच्या शेवयांना पाच डॉलर जास्त म्हणतो, तोवर हे असंच चालणार.

आणि युनेस्कोची पाटीही सगळीकडे फेरीवाल्याच्या बाजूनं उभी राहत नाही. योग्यकर्त्याच्या मालिओबोरो रस्त्यावर शेकडो विक्रेते वर्षानुवर्षं बसत. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना तिथून उठवून तेरास मालिओबोरो नावाच्या बंदिस्त जागांत हलवलं. शहराच्या ऐतिहासिक अक्षाला जागतिक वारशाचा दर्जा हवा होता, त्या तयारीत रस्ता ‘नीट’ करायचा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये दर्जा मिळाला. एकीकडे विक्रेता म्हणजेच वारसा, दुसरीकडे वारशासाठी विक्रेता अडगळ. दोन्ही निर्णयांमध्ये तीन वर्षांचंसुद्धा अंतर नाही.

पेनांगबद्दल मात्र मला भरभरून सांगायचंय. जॉर्जटाउनच्या गोदीवर काम करणाऱ्या हमालांसाठी तमिळ मुसलमान विक्रेते खांद्यावर कावड घेऊन फिरत. एका टोकाला भात, दुसऱ्या टोकाला रस्सा. त्यातून नासी कंदार आलं. आज त्याची मोठी दुकानं झाली आहेत, पण वाढायची पद्धत तीच: गरम भातावर कोंबडीचा रस्सा, त्यावर माशाचा, त्यावर डाळीचा, सगळे एकमेकांत मिसळून ताट भिजवून टाकायचं. आणि आसाम लाक्सा! शिजवून कुस्करलेला मासा, चिंच, वर पुदिना, अननस, कांदा, आलंवर्गातल्या एका झाडाची गुलाबी कळी आणि चमचाभर काळं, दाट कोळंबीचं सत्त्व. त्यातला मासा म्हणजे आपला बांगडाच, आणि आंबटपणासाठी चिंचेबरोबर जे वाळवलेले तुकडे घालतात ते आपल्या कोकमाच्या सख्ख्या कुळातलं फळ आहे. मालवणात बांगड्याचं तिखलं खाऊन मोठा झालेला माणूस त्या वाडग्याचा पहिला घोट घेताना चमकून थांबेल, हे मी लिहून देतो. समुद्रानं माणसं नेली, मसाले नेले, आणि आंबट-तिखटाची ही जोडी दोन्ही किनाऱ्यांवर एकसारखी रुजली. हे समजायला विमानाचं तिकीट काढून तिथे फूटपाथवर बसावं लागतं.

याच पेनांग राज्यानं जानेवारी २०१६ पासून हॉकर ठेल्यांवर परदेशी आचाऱ्यांनी स्थानिक पदार्थ रांधायला बंदी घातली. चव बिघडते, वारसा जातो, हे कारण. मला ती बंदी पटत नाही. कावड घेऊन आलेला तो तमिळ माणूस परदेशीच होता. कढईसमोर उभं राहायला स्थानिक तरुण येत नाही, कारण त्या उष्णतेत बारा तास उभं राहण्याचा मोबदला कमी आहे. चार क्वे त्याऊ या परतलेल्या शेवयांची एक एक ताटली वेगळी परतावी लागते, भडक आचेवर, दोन-तीन मिनिटांत. दहा ताटल्या एकदम केल्या तर ती चव येत नाही. अशा कामाला आठ-दहा रिंगिट हा भाव अपुरा आहे. तो बाराचा झाला तर मी आनंदानं देईन. तुम्हीही द्या.

आता आपल्या माणसांकडे. टूर कंपनीबरोबर पट्टायाला जाणारे आपले लोक सकाळी हॉटेलात ब्रेड-बटर, दुपारी भारतीय हॉटेलात पनीर, रात्री पुन्हा तिथेच डाळ-खिचडी, आणि मध्ये बसमध्ये चकली-खाकरा, असे पाच दिवस काढतात. घरी येऊन सांगतात की थायलंडला खायला काही मिळत नाही. वय झालेल्यांचं, पथ्यपाण्याचं मी समजू शकतो. पण तिशीतल्या, हातीपायी धड माणसानं असं करू नये. भीती दोन असतात. एक, पोट बिघडेल. दुसरी, शाकाहाराचं काय.

पोटाचं साधं उत्तर असं की जो ठेला एकच पदार्थ विकतो आणि तुमच्यासमोर भडक आचेवर बनवतो, जिथे स्थानिक लोक रांग लावून उभे आहेत, तिथे माल शिळा होण्याइतका थांबतच नाही. हॉटेलातल्या सकाळपासून तापत ठेवलेल्या बुफेपेक्षा मला तो ठेला केव्हाही जास्त विश्वासाचा वाटतो. थायलंडमध्ये पेयात येणारा मध्ये भोक असलेला नळकांडी बर्फ कारखान्यात बनतो, त्याला घाबरू नका. कापून ठेवलेली फळं, कोमट रस्से, उघड्यावर थंड झालेले शिंपले टाळा. आणि पहिल्याच दिवशी सगळं खाऊ नका.

शाकाहारी माणसांनी थायलंडमध्ये पिवळ्या पताकेवरचं लाल अक्षर ओळखायला शिकावं. त्याचा उच्चार ‘जे’. त्या पताकेखालच्या जेवणात मांस, मासे, अंडी, दूध तर नसतंच, कांदा-लसूणही नसतो. आपल्या नवरात्राच्या सुमाराला तिथे या आहाराचा नऊ दिवसांचा उत्सव असतो आणि यावरातचा रस्ता त्या पताकांनी पिवळा होऊन जातो. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही बोट धरून तिथे नेता येईल. व्हिएतनाममध्ये ‘चाय’ लिहिलेली पाटी शोधावी. चांद्रमासाच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी कित्येक व्हिएतनामी लोक स्वतःच शाकाहारी जेवतात, त्यामुळे त्या दिवशी हे ठेले भरलेले असतात. बाकी ठिकाणी माशाचा सॉस सगळ्यात असतो हे धरून चाला, आणि तो न घालायला सांगायचं वाक्य स्थानिक लिपीत लिहून जवळ ठेवा. विक्रेत्याला त्याचा त्रास होत नाही. उलट बऱ्याच बाया आपुलकीनं वेगळं करून देतात.

एक गोष्ट मला या सगळ्यात जास्त खुपते. बँकॉकला फूटपाथवर बसून शेवया खाताना फोटो काढणारा आपला माणूस परत आल्यावर दादरच्या, ठाण्याच्या, लक्ष्मी रोडच्या फेरीवाल्याला अडथळा म्हणतो, महापालिकेच्या गाडीनं वडापावची शेगडी उचलली की टाळ्या वाजवतो. आपल्याकडे पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्रीय कायदा आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवता येणार नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. सिंगापूरनं साठच्या दशकात केलेली मोजणी आपण कायद्यानं स्वतःवर बंधनकारक करून घेतली, आणि तरीही आधी गाडी येते. चालायला फूटपाथ हवा, हे मला मान्य आहे, मीही चालतो. त्यासाठी जागा आखा, वेळ ठरवा, नळ द्या. तिकडे ज्याला संस्कृती म्हणून दाद देता, त्याला इकडे घाण म्हणू नका.

तर या थंडीत सॅक भरून निघणार असाल तर माझं एवढं ऐका. सांगितलेला भाव द्या. विमानतळावरून आणलेली हजाराची नोट साठ बाटांच्या ताटलीसाठी पुढे करू नका. आधी सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन ती मोडा आणि सुट्टे जवळ ठेवा. गर्दीच्या वेळी एका वाडग्यावर तासभर स्टूल अडवू नका, मागे जेवणाच्या सुट्टीत आलेला कामगार उभा असतो. बाईच्या तोंडासमोर फोन धरण्याआधी तिला विचारा. यावरातला जरूर जा, पण एका दुपारी बारा वाजता कुठल्याही सरकारी ऑफिसच्या मागच्या गल्लीत जा आणि सगळे जिथे बसलेत तिथे बसा. फक्त सोमवारी जाऊ नका. पदपथ धुण्यासाठी त्या दिवशी बँकॉकमधले बरेच ठेले बंद असतात.